पातळ पात्याची टिपणे

लहान जपानी सुरी घ्यायची आहे, कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, घरात धार लावायचा दगड आहे का? नसेल तर सुरीचे निम्मे पैसे दगडासाठी बाजूला काढा. महागातली महाग सुरीही रोजच्या वापरात काही आठवड्यांत मंदावते. दगड असलेल्या घरात साधी सुरीही वर्षानुवर्षं कापते.

*

बारामतीत गुरुवारी आठवडे बाजार भरतो. त्याच्या कडेला घिसाड्यांचं एखादं बिऱ्हाड बसलेलं असलं की माझा पाय तिथून लवकर निघत नाही. समोर ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे तुकडे पडलेले असतात. हातानं फिरवायचा पंखा कोळसा फुलवत असतो, जमिनीत ऐरण ठोकलेली असते. सांडशीत धरलेला तुकडा केशरी झाला की पुरुष तो ऐरणीवर धरतो आणि बाई घण घालते. घाव कुठे पडायचा ते तो लहान हातोडीच्या टिचकीनं दाखवतो, ती बरोबर तिथेच मारते. बोलणं जवळजवळ नसतंच.

खरी कसोटी त्यानंतर. विळीचं पातं पुन्हा तापवायचं आणि फक्त धारेची कड पाण्यात बुडवायची. चर्र आवाज होतो. पातं लगेच बाहेर काढून दगडाच्या तुकड्यावर घासतात. पाठीत ऊब शिल्लक असते, ती हळूहळू धारेकडे सरकते आणि घासलेल्या जागेवर पिवळसर रंग चढायला लागतो. तो हवा तेवढा आला की पातं पुन्हा पाण्यात. जरा लवकर विझवलं तर धार काचेसारखी ठिसूळ राहते, उशीर केला तर मऊ पडते. हे सगळं डोळ्यांवर चालतं, तेही भर उन्हात.

विळी घेताना मी विचारलं, “मावशी, गंजणार तर नाही?”

“वापरली की पुसायची, ताई. वली ठिवली की गंजानं खाल्ली म्हनून समज.”

जपानी पोलादी सुरीबरोबर येणाऱ्या पत्रकातही मुख्य सूचना हीच असते.

*

जपानच्या फुकुई प्रांतातलं एचिझेन हे सुऱ्यांचं जुनं गाव. तिथली परंपरा सांगते की 1337 साली क्योटोहून एक तलवारकार तिथे आला आणि तलवारींबरोबर शेतकऱ्यांसाठी विळे घडवू लागला. आज त्या भागात जगभर जाणाऱ्या सुऱ्या होतात. 1876 साली जपान सरकारनं कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आणली, तेव्हा तलवारकारांचं काम आटलं आणि पुष्कळ जण स्वयंपाकघराच्या आणि शेतीच्या हत्यारांकडे वळले. ओसाकाजवळच्या साकाई गावात तर घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा, अशी कामाची वाटणी आजही टिकून आहे.

आपल्याकडे घिसाडी गावोगाव फिरत राहिले. त्यांच्या हाताला गाव मिळालं नाही, शाळा मिळाली नाही, मालावर नाव कोरायची पद्धतही रुळली नाही. हातात फरक नाही. पोलाद कधी विझवायचं हे ओळखणारी नजर दोन्हीकडे तीच आहे. ही कारागिरी आपण ‘गावठी’ म्हणून मोडीत काढतो आणि तिकडची काचेच्या कपाटात ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

*

गळिताच्या हंगामात पहाटे माळेगाव किंवा भवानीनगरच्या रस्त्यानं गेलं की कोप्यांपुढे ऊसतोड कामगार कोयत्यावर कानस मारत बसलेले दिसतात. कोयत्याचं पोलाद मुद्दाम मध्यम कठीण ठेवलेलं असतं. उसाची साल टणक, त्यात बुडख्याला माती आणि खडे. कठीण पातं तिथे चटकन दात टाकेल. मध्यम पातं नुसतं बोथटतं आणि सकाळी कानशीनं पुन्हा उभं राहतं.

जपानी सुरीचं गणित याच्या उलट आहे. तिचं पोलाद रॉकवेल मापात 60 ते 63 पर्यंत कठीण असतं. जर्मन घराण्याच्या सुऱ्या साधारण 56 ते 58. इतक्या कठीण पात्यावर कानस धरतच नाही, घसरते. म्हणून दगड लागतो. कठीण असल्यामुळेच पातं पातळ ठेवता येतं, धारेचा कोन एका बाजूला 15 अंशांपर्यंत उतरवता येतो आणि ती धार टिकते. पण आडवा दाब आला की तिचा कपचा उडतो. कोयत्याची सवय असलेल्या हातानं ही सुरी धरताना मनगट सैल सोडायला शिकावं लागतं.

*

पोलादाची निवड. दुकानदार नावांचा मारा करतात. त्यातलं कामापुरतं एवढंच:

शिरोगामी आणि आओगामी ही यासुगी गावची कार्बन पोलादं. नावात पांढरा आणि निळा रंग आहे तो पोलादाचा नव्हे, कारखान्यात ते ज्या कागदात गुंडाळतात त्याचा. शिरोगामी क्रमांक 2 मध्ये 1.05 ते 1.15 टक्के कार्बन असतो. धार अप्रतिम येते, दगडावर लवकर येते. पण गंजतं.

व्हीजी-10 हे एचिझेनमधल्याच ताकेफूचं. साधारण 1 टक्का कार्बन, 15 टक्के क्रोमियम. सहसा गंजत नाही. धार लावायला थोडं हट्टी.

कोकणातल्या कुणी विचारलं तर मी डोळे मिटून दुसरं घ्या म्हणेन. बारामती-इंदापूरची गोष्ट वेगळी. सह्याद्रीच्या पावसाची सावली आमच्यावर पडलेली. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि वर्षातले बरेच महिने हवा कोरडी. इथे कार्बन पोलादाची सुरी सांभाळणं अवघड नाही. ज्या घरात पाट्याची विळी आहे त्या घराला तर त्याची सवयच आहे.

अडचण हवेची नाही, पाण्याची आहे.

*

नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास आला. त्यानं या दुष्काळी मुलखात ऊस आणला आणि पुढे काही रानांत क्षारही आणला. बोअरचं पाणी तर अनेक ठिकाणी इतकं जड की स्टीलच्या तांब्यावर पांढरे डाग राहतात. तेच डाग सुरीवर पडतात आणि त्यांच्याखाली गंज धरतो. कालव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी सुरी आपोआप वाळेल यावर भरवसा ठेवू नये. धुतली की लगेच सुती फडक्यानं पुसायची, मुठीपासून टोकाकडे, पाठीकडून धारेकडे. पातं जिथे मुठीत शिरतं त्या खाचेत पाणी मुरतं, तिथे फडक्याचं टोक घालायचं.

भांड्यांच्या ढिगात ही सुरी कधीच टाकू नये. फेसाच्या पाण्यात हात घालणाऱ्या मावशींना ती दिसत नाही. आपली सुरी आपण धुवावी.

*

बरेच दिवस वापरायची नसेल तर तेलाचा हात फिरवतात. जपानमध्ये त्यासाठी कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. आपल्याकडे खोबरेल उत्तम. करडईचं तेल मात्र लावू नये, या भागात ते घरात असतं म्हणून मुद्दाम लिहून ठेवते. करडईचं तेल हवेत सुकून चिकट थर धरतं, याच गुणामुळे ते रंगांतही वापरतात. पात्यावर तो थर बसला की घासून काढताना जीव जातो.

*

डाळिंब.

इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीच्या बाजूला डाळिंबाच्या बागा आहेत, आणि हंगामात घरात डाळिंब नाही असं होत नाही. लहान सुरीचं कौशल्य बघायचं तर डाळिंबावर बघावं. मधोमध चिरलं की दाणे कापले जातात, रस ओट्यावर. बरोबर रीत अशी: मुकुटाभोवती सुरीच्या टोकानं गोल रेघ मारायची, फक्त सालीच्या जाडीइतकी खोल. मुकुट उचलला की आत पांढरे पडदे दिसतात. फळाला बाहेरून जे अंधूक कंगोरे असतात ते साधारण त्या पडद्यांवरच असतात. प्रत्येक कंगोऱ्यावरून वरून खाली एकेक उथळ चीर द्यायची, सुरी खाली ठेवायची आणि अंगठ्यांनी फळ उघडायचं. पाकळ्या सुट्या होतात, एक दाणा फुटत नाही.

यासाठी सुरी टोकदार आणि हलकी लागते, आणि पातं लहान, म्हणजे तर्जनी पाठीवर ठेवून खोली मोजता येते. मोठ्या सुरीला हे जमत नाही, विळीला तर नाहीच.

कार्बन पोलादाचं पातं डाळिंबाच्या सालीला लागलं की बघता बघता काळंनिळं होतं. सालीतलं टॅनिन आणि लोह यांचा तो रंग. बिघाड नव्हे. पुसून घेतलं की झालं. असे रंग साठत साठत पात्यावर करडा थर येतो आणि तोच लाल गंजाला थोडाफार अडवतो. घरच्या जुन्या विळीचं पातं काळंभोर असतं ते यामुळेच. तो थर घासून चकचकीत करायचा मोह टाळावा. वांगंही या पात्यानं काळवंडतं. फोडी मिठाच्या पाण्यात टाका, किंवा वांग्यापुरती स्टेनलेस सुरी घ्या.

*

बागेतल्या कात्रीचंही इथेच लिहिते. डाळिंबावर तेल्या आला की छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर रोग नेते, म्हणून दर झाडानंतर ती सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगतात. ते द्रावण पोलाद खातं. संध्याकाळी कात्री साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली नाही तर हंगाम संपेपर्यंत तिची धार खडबडीत होते, आणि खडबडीत काप झाडालाही भरून काढता येत नाही.

*

माप. लहान म्हणजे किती? जपानी लोक जिला पेटी सुरी म्हणतात तिचं पातं 120 ते 150 मिलिमीटर. घराघरांत चालणारी सांतोकू 165 ते 180. एकच घ्यायची आणि ओटा लहान असेल तर मी 150 ची पेटी सांगेन: कांदा, मिरची, लिंबू, टोमॅटो, भेंडी, पेरू, सगळं होतं. कोबी आणि कलिंगडाला ती अपुरी, त्यासाठी घरात दुसरं काहीतरी असतंच.

हातात घेऊन बघा. अंगठा आणि तर्जनी पात्याच्या मुळाशी चिमटीत धरून तोल कुठे जातो ते बघा. लहान सुरी मुठीकडे किंचित जड चालते. उजेडासमोर धार धरा: कुठे चमक दिसली तर तिथे ती बोथट आहे. पाठीकडून डोळा लावून पातं सरळ आहे का पाहा. एकाच बाजूनं धार काढलेली पारंपरिक सुरी घरच्या कामाला घेऊ नका. ती उजव्या हातासाठी घडवलेली असते आणि तिला सवय लागते. दोन्ही बाजूंनी धार असलेलीच मागा.

पात्यावरच्या लाटांच्या नक्षीला भुलू नका. खऱ्या सुरीत मध्ये कठीण पोलादाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मऊ थर असतात. आपले लोहारही मऊ लोखंडात पोलादाची पट्टी बसवून कुऱ्हाड करायचे, तत्त्व तेच. स्वस्त सुऱ्यांवर ही नक्षी लेझरनं छापलेली असते आणि पहिल्यांदा दगडावर घासली की पुसली जाते. विकणाऱ्याला एकच विचारा: गाभा कुठल्या पोलादाचा? नाव सांगता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

*

नारळ, हाड, गुळाची ढेप, गोठलेलं काहीही, डांगराची जाड साल, कैरीची कोय. यांतल्या कशालाही ही सुरी लावायची नाही.

*

भिगवणचा मासळी बाजार. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं, गावं उठली आणि त्या पाण्यावर मासेमारी उभी राहिली. कटला, रोहू, मरळ, वांब, ढिगानं चिलापी. कापणारे जड सुऱ्यानं लाकडी ठोकळ्यावर घाव घालतात. काट्यासकट तुकडे पाडायचे तर तेच हत्यार हवं. लहान सुरी घरी आल्यावर कामाची: पोट उघडायला, कल्ल्यांमागून चीर द्यायला, मसाला मुरावा म्हणून दोन्ही अंगांना तिरक्या रेघा मारायला. चिलापीची खवलं सुरीच्या धारेनं काढू नयेत. चमचा उलटा धरून शेपटीकडून डोक्याकडे ओढला की निघतात.

*

रस्त्यावरचा धारवाला. सायकल स्टँडवर, चाकावर पट्टा, पट्ट्यावर दगड, ठिणग्यांचा फवारा. विळी, कात्री, कोयता याच्याकडे जरूर द्यावा, त्याचं पोट त्यावर आहे आणि हातही चांगला असतो. पातळ जपानी सुरी मात्र देऊ नये. कठीण पोलाद साधारण 150 ते 200 अंशांवर शेकून तयार केलेलं असतं. कोरड्या फिरत्या दगडावर कागदासारखी कड क्षणात त्याच्या पलीकडे तापते आणि पाजलेलं पाणी उतरतं. निळसर झाक आली म्हणजे उष्णता 300 अंशांजवळ गेली. तेवढी कड पुन्हा कधी धार धरणार नाही, ती घासून टाकावीच लागते.

आमच्या गल्लीत येणाऱ्या दादांना मी सुरी दाखवली, तेव्हा त्यांनी अंगठ्याच्या नखावर ती टेकवून बघितली आणि परत दिली. “वहिनी, ही पाण्याच्या दगडावरची हाय. चाकावर जळंल.”

*

ओटा ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा. त्यावर सरळ कापणं म्हणजे धार दगडावर आपटणं. स्टीलच्या ताटात कापणंही तेच. काचेचा पाट दिसायला स्वच्छ, पण धारेचा वैरी. लाकूडच हवं. या भागात मटणाच्या दुकानात चिंचेचा ठोकळा असतो. चिंचेचं लाकूड घट्ट, तंतू एकमेकांत गुंतलेले, म्हणून घावानं सहज चिरफळत नाही. सुतारानं चिंचेचा किंवा आंब्याचा पाट करून दिला तर तो आयुष्यभर पुरतो. चिरलेली भाजी पाटावरून भांड्यात लोटताना सुरी उलटी करून पाठीनं लोटावी. धारेनं खरवडत नेण्याची सवय घरोघर आहे, आणि धार जाते ती बहुतेक तिथेच.

*

आता धार लावणं. हे लिहून शिकवणं कठीण, तरी लिहिते.

1000 नंबरचा दगड घ्या, रोजच्या सुरीला तो पुरतो. हौस असेल तर पुढे 3000 चा. हार्डवेअरच्या दुकानातला जाड-बारीक कार्बोरंडमचा दगड विळीला छान, पण त्याची बारीक बाजूही या सुरीला भरडच. पाण्याचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचा. काही दगडांना भिजवणं चालत नाही, नुसतं पाणी शिंपडतात. खोक्यावर लिहिलेलं असतं ते वाचा. दगडाखाली ओलं फडकं, म्हणजे तो हलत नाही.

सुरी दगडावर आडवी ठेवा आणि पाठ थोडी उचला. पेटी सुरीला 15 अंश म्हणजे पाठीखाली एक पेन्सिल मावेल एवढंच. दुसऱ्या हाताची दोन बोटं पात्यावर, ज्या भागाला धार लावायची त्याच्या वर. पुढे ढकला, मागे ओढा, कोन बदलू देऊ नका. घाई केली की कोन हलतो. राखाडी चिखल सुटतो तो धुऊ नका, घासण्याचं काम तोही करतो.

थांबायचं कधी? वरच्या बाजूनं अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा, हलकेच सरकवा. कडेवर बारीक किनार उलटून आलेली खरखरीत लागते. ती टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली की त्या बाजूचं काम झालं. मध्ये कुठे तुटली असेल तर तिथे अजून घासायचं. हीच खूण आहे, घासण्यांची संख्या नव्हे. मग बाजू पालटा. दुसरीकडेही किनार आली की अगदी हलक्या हातानं, आळीपाळीनं, दाब कमी करत करत ती काढून टाका. शेवटचे फटकारे सुरीच्या स्वतःच्या वजनानं. जुन्या चामडी पट्ट्यावर मागे ओढली तर राहिलेली किनारही निघते.

टोकाकडे पातं वळतं, तिथे कोपर किंचित उचलावं लागतं. सगळ्यात जास्त वेळ याला लागतो आणि डाळिंबाला हेच टोक हवं असतं.

पिकलेला टोमॅटो घ्या. सुरी सालीवर ठेवून दाब न देता ओढा. साल धरली तर झालं. कांद्यावरही कळतं: बोथट पातं पेशी चिरडतं, रस उडतो, डोळे झोंबतात. धारदार पात्यानं ते पुष्कळ कमी होतं.

*

विळी टाकू नका. खोबरं खवायला, लग्नघरात मेथीच्या जुड्यांवर जुड्या चिरायला, गुडघा टेकून गप्पा मारत चार बायकांनी बसायला विळीच. आमच्या आत्याबाईंच्या हातून विळीवर निघालेली गवारीची शीर मी सुरीनं अजून तशी काढू शकत नाही. पण ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी उभ्या ओट्यावरची ही लहान, हलकी सुरी फार मोठी सोय आहे. दुखऱ्या मनगटांना बोथट सुरीचा दाब सोसत नाही. त्यांच्या घरी गेले की मी दगड बरोबर नेते.

*

दगड मध्ये झिजून खोलगट होतो. अशा दगडावर कोन राहत नाही. त्यावर पेन्सिलीनं उभ्याआडव्या रेघा मारा, जाड काचेवर किंवा सपाट फरशीवर पाण्याचा पॉलिश पेपर पसरा आणि दगड पालथा घालून गोल गोल घासा. कडेच्या रेघा आधी जातात, मधल्या शेवटी. सगळ्या गेल्या की दगड सपाट झाला. मग त्याच्या धारदार कडा किंचित मोडून घ्या, नाहीतर सुरीवर ओरखडे पडतात, आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेला दगड तडकतो.